तीन टेकू

"हे घर असं उघडंबोडकं सोडून गेलात तर घरच्या बायका गप्प बसायच्या नाहीत, इंजिनियरबाई. आज ना उद्या सिमेंट फासतील त्याला." सेमांडा गवंडी हे म्हणाला तेव्हा तो थापी पुसत होता आणि नाबुकेरा भिंतीचा ओळंबा बघत होती. ओळंबा बरोबर होता, एका केसाचाही फरक नव्हता, आणि ओळंबा बरोबर असला की तिला बाकी कुठल्याच गोष्टीची भीती वाटत नसे. म्हणून ती हसली. "नकाशावर लिहिलंय मी, काका. सातव्या पानावर. गिलावा करू नये." "वाचणार कोण?" "ज्यांचं घर आहे ते." सेमांडाने थापी पोत्यावर आपटून झटकली, आणि विषय तिथेच संपला. म्हणजे तिच्यापुरता संपला.

त्यानंतर तीन वर्षांनी एका मंगळवारी सकाळी ती आपल्या न्टिंडाच्या दोन खोल्यांत जमिनीवर बसली होती. मांडीवर संगणक होता, शेजारी चटईवर सात महिन्यांचा लुताया झोपला होता. बाळंतपणाची रजा संपली होती आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची परवानगी तिने भांडून मिळवली होती. प्रत्यक्षात ती दर दहा मिनिटांनी काम थांबवून बोटाची मागची बाजू त्याच्या नाकाखाली धरत होती. श्वास लागायचा, कोमट, दुधाच्या वासाचा. मग ती पुन्हा आकड्यांकडे वळायची. आकड्यांच्या नाकाखाली कधी बोट धरावं लागलं नव्हतं. मूल झाल्यापासून तिला पाण्याच्या बादलीची भीती वाटायची, गादीच्या कडेची, शेंगदाण्याची, खोकणाऱ्या पाहुण्याची. पण आपण उभ्या केलेल्या भिंती तिने मनाच्या एका कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या आणि सगळी भीती दमली की ती तिथे जाऊन टेकायची. तेवढ्यात फोन थरथरला. सेमांडाने बांधलेल्या त्या घरातल्या नांतुमेने फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'बघ, तुझं घर आता कसं घरासारखं दिसतंय!'

घर पांढरंशुभ्र होतं. अंगणात मांडवाचे खांब उभे राहत होते, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती, खांद्यावर टोकदार बाह्यांचे गोमेसी घातलेल्या दोन बायका हात वर करून हसत होत्या. येत्या शनिवारी नांतुमेच्या भाचीला मागणी घालायला मुलाकडचे लोक वाजतगाजत याच घरी येणार होते, हे नाबुकेराला माहीत होतं. तिला आमंत्रणही होतं. माहीत नव्हता तो पांढरा रंग. ज्या तांबूस, किंचित खरखरीत विटा ती डोळे मिटून मोजू शकत होती, त्यातली एकही दिसत नव्हती. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा. डाव्या बाजूला खाली, नालोंगोच्या खोलीच्या खिडकीखाली, पांढऱ्यावर वीतभर उंचीचा डाग होता, दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचा. आणि जोतं नव्हतं. दगडी जोतं, ज्याच्यावर तिने ओल वर चढू नये म्हणून डांबराचा पट्टा घातला होता, ते गिलाव्याने सरळ जमिनीपर्यंत झाकून टाकलं होतं. बाळ झोपेतच होतं, रडलं नव्हतं, कुशीवरही वळलं नव्हतं, तरी तिच्या छातीत दूध उतरलं. अंगावरचा सदरा दोन ठिकाणी ओला झाला. ती तशीच बसून राहिली, त्या दोन ओल्या डागांकडे आणि त्या तिसऱ्या डागाकडे बघत.

नालोंगो म्हणजे नांतुमेची आई. जुळी मुलं झालेल्या बाईला तिकडे याच नावाने हाक मारतात, आणि तिला जुळी होऊन पन्नास वर्षं झाली असल्यामुळे तिचं मूळ नाव आता तिलाही आठवून सांगावं लागतं. ती सुईण होती. सरकारी दवाखान्यात तिने चाळीस वर्षं बायका मोकळ्या केल्या. गुडघे गेल्यामुळे ती तळमजल्याच्या डावीकडच्या खोलीत झोपते, पलंग भिंतीला लावून, म्हणजे उशीवरूनच खिडकीतून फाटक दिसतं आणि कोण आलं, कोण गेलं, कोणाची चाल कशी आहे हे कळतं. त्याच भिंतीवर माडीच्या निलगिरीच्या तुळया टेकलेल्या आहेत. माडीवर नांतुमे, तिचा नवरा, तीन मुलं, कपाटं, शिलाईयंत्र. सगळ्याचं वजन नाबुकेराने कधीकाळी एका ओळीत मांडून खाली दुहेरी रेघ मारली होती.

पंधरा मिनिटांनी ती लुतायाला पाठीला बांधून त्या घराकडे, कासांगाटीला जाणाऱ्या टॅक्सीत बसली. टॅक्सी भरेपर्यंत हलली नाही, आणि भरल्यावरही आणखी एक बाई दोन कोंबड्यांसह चढली. गायाझाच्या रस्त्याला लागल्यावर डावीकडे वीटभट्ट्यांचा धूर दिसायला लागला. हा धूर बघतच ती मोठी झाली होती. तिच्या मामाची भट्टी होती. एक भट्टी लागली की टेकडीवरची तेवढी झाडं जायची, आणि लहानपणी तिला वाटायचं की विटा झाडांपासूनच करतात. कॉलेजात तिसऱ्या वर्षी जेव्हा तिने पहिल्यांदा यंत्रात दाबलेली मातीची वीट हातात घेतली, न भाजलेली, घराचा पाया खणताना निघालेल्या मातीचीच, चिमूटभर सिमेंट घालून आवळलेली, तेव्हा तिला कोणीतरी आपल्या लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं वाटलं. नालोंगोचं घर हे तिचं पहिलं. नकाशा एका वास्तुकाराचा, नावही त्याचंच छापून आलं. पण दोन मजले बिनभाजल्या मातीवर उभे राहतील की नाही हे सांगणारी ती होती. बाकीचे सगळे घरात काही ना काही वाढवत असतात, खिडकी, गॅलरी, कमान. किती कमी पुरेल हे सांगणं एवढंच तिचं काम. लोखंड किती कमी, काँक्रीट किती कमी. सेमांडा आठ टक्के सिमेंट म्हणत होता, ती पाचावर आली. तिने विटा केल्या, केळीच्या पानांखाली अठ्ठावीस दिवस ओल्या ठेवल्या, कोरड्या केल्या, फोडल्या, पुन्हा केल्या. पाच पुरत होते. रुंद छप्पर, उंच दगडी जोतं, उघडी भिंत, म्हणजे भिजली तरी वाऱ्याने सुकेल. कोरडी राहिली तर पाच टक्के शंभर वर्षं पुरतील. एका हॉटेलच्या सभागृहात या तीन टक्क्यांसाठी तिला टाळ्या मिळाल्या होत्या. आता टॅक्सीच्या खिडकीला डोकं टेकून तिला त्या टाळ्या ऐकू आल्या नाहीत, पोत्यावर आपटलेली थापी ऐकू आली. कोरडी राहिली तर. ते 'तर' तिने छपराच्या भरवशावर लिहिलं होतं, दगडाच्या भरवशावर लिहिलं होतं. त्या घरातून एक मुलगी लग्न होऊन जाणार आहे, तिला निरोप देणाऱ्या बाईला आपल्या दाराची लाज वाटणार आहे, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. तिने मागे हात नेऊन लुतायाचं पाऊल चाचपलं. गरम होतं. शेजारची कोंबडीवाली म्हणाली, "झोपलाय गं तो. कितीदा बघशील? चोरून नेतेय का मी?" नाबुकेरा हसली, आणि तिला जाणवलं की आपण घाबरलेलो नाही. अस्वस्थ आहोत, घाबरलेलो नाही. बाळाच्या श्वासापुढे तिला काहीच करता येत नसे. भिंतीच्या बाबतीत तिला करता येण्यासारखं पुष्कळ होतं.

"आल्या बघा लुतायाच्या आई! शनिवारचं आमंत्रण आणि मंगळवारी हजर. जेवणाचा वास न्टिंडापर्यंत गेला वाटतं." नांतुमे कमरेला लुगडं खोचून मांडववाल्याला खांब कुठे रोवायचे ते दाखवत होती. नवरीची आत्या म्हणजे सेंगा. या आठवड्यात सगळी आळी तिला सेंगाच म्हणत होती आणि ती सगळ्या आळीला हुकूम सोडत होती. "सेंगा, हे कधी केलंत?" "काय? गिलावा? तू बाळंत झालीस त्याच आठवड्यात. तुला कळू दिलं नाही मुद्दाम. तू पोर आणलंस, आम्ही घराला न्हाऊमाखू घातलं." केळी सोलणाऱ्या बायका खिदळल्या. "आणि अंगणात काँक्रीट केलंय बघ, भिंतीपर्यंत. पाहुण्यांचे जोडे चिखलात नकोत." नाबुकेराने बघितलं. काँक्रीट भिंतीपर्यंत आलं होतं आणि त्याचा उतारही भिंतीकडेच होता. सात महिने. पावसाचा एक अख्खा हंगाम, आणि रोजचं धुणं. ती खिडकीखाली वाकली आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवायला लागली. छातीच्या उंचीवर आवाज टणक आला. कमरेपाशी टणक. गुडघ्यापाशी तो बदलला, भोपळ्यावर टिचकी मारावी तसा. तिने पुन्हा वाजवलं. गिलावा विटेपासून सुटला होता आणि मधल्या फटीत ओल जाऊन बसली होती. बाहेर पडायला तिला वाट नव्हती.

"कोण ठोकतंय? दार तिकडे आहे," आतून नालोंगो म्हणाली. मग खिडकीत तिचा चेहरा आला. "तू होय. आत ये, पोराला दे इकडे." आत खोलीला नवीन तेलरंगाचा वास होता, खाली कुठेतरी बंद पेटीचा. नालोंगोने लुतायाला घेतलं, उलटं केलं, मानेमागे हुंगलं, टाळू चाचपली, आणि सगळं ठीक आहे हे तिच्या चेहऱ्यावरून नाबुकेराला कळलं; दर वेळी कळायचं, आणि दर वेळी तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटायचं. पोटात होता तेव्हा हीच बाई महिन्यातून एकदा न्टिंडाला यायची, पिशवीतून लाकडी कर्णा काढायची, त्याचं रुंद तोंड पोटावर ठेवून दुसऱ्या टोकाला कान लावायची आणि डोळे मिटायची. त्या अर्ध्या मिनिटात नाबुकेराला स्वतःचं सगळं शिक्षण निरुपयोगी वाटायचं. "पोटावर बोटं वाजवल्यासारखं काय करत होतीस बाहेर?" नालोंगोने विचारलं. "आजी, भिंत ऐकत होते." "मग बोटाने कशी ऐकू येईल? थांब." तिने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक पायाने पुढे ओढली. "काढ त्यातून. तळाशी आहे." कर्ण्यासाठी नाबुकेराने घड्या घातलेले गोमेसी उचलले, आणि ट्रंकेच्या तळाला अंथरलेला कागद तिला दिसला. चांगला जाड कागद, कडा नीट दुमडून बसवलेल्या. कोपऱ्यात तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: गिलावा करू नये. सातवं पान. अक्षर अजून अगदी स्पष्ट होतं.

तिला हसू फुटलं. आधी थोडं, मग अनावर. लुताया आजीच्या हातातून तिच्याकडे बघायला लागला. मग तिने डोळे पुसले आणि कर्णा भिंतीला लावला, वर, आणि पेराने शेजारी वाजवलं. नंतर गुडघ्याच्या उंचीवर. "मला दे," नालोंगो म्हणाली. ती पलंगावर आडवी झाली, अगदी बाईवर ओणवी व्हायची तशी, आणि डोळे मिटले. "वाजव. खाली. अजून खाली. हं." डोळे न उघडता ती म्हणाली, "वर जीव आहे. इथे नाही. किती महिने झाले?" "सात." "मग इतके दिवस काय केलंस?" "बाळंत होते, आजी." "हो, तेही खरंच."

पाहुण्यांच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने हिशेब मांडला. ओली वीट कोरडीच्या निम्मा भार घेते. पाच टक्क्यांची त्याहूनही कमी. तळाच्या दोन थरांचा पृष्ठभाग सुटलाय असं धरलं. शनिवारी माडीवर माणसं चढणार, नवरी तिथेच नटणार, तिच्याबरोबर दहा-बारा पोरी. घर बांधलं तेव्हा लागेल त्याच्या तिप्पट ताकद भिंतीत होती. आता तिपटीची सव्वापट राहिली होती. तिने दोनदा तपासलं. सव्वापट म्हणजे पडत नाही. आकडा पाहून तिच्या आतलं सगळं पुन्हा जागेवर बसलं, थंड, रेषेत. कारण आता काय करायचं ते दिसत होतं. पण सव्वापटीखाली म्हाताऱ्या बाईला झोपवत नाहीत आणि सव्वापटीवर पोरींना नाचवत नाहीत. भीती वाटत होती ती भिंतीची नव्हती, दारात उभ्या असलेल्या नांतुमेची होती.

"काय म्हणालीस?" नांतुमे म्हणाली. "पुन्हा म्हण." "गुडघ्यापर्यंतचा गिलावा काढायचा. सगळीकडून. भिंतीलगतचं काँक्रीट हातभर फोडायचं. या खोलीत टेकू लावायचे. शनिवारी वर नवरी आणि तू, बाकी पोरी खाली." "शनिवारी पन्नास माणसं येणार आहेत, लुतायाची आई. मुलाच्या काकाकडे दोन मजली टाइल लावलेलं घर आहे. आणि मी भिंतीची चामडी सोलून ठेवू? अडीच वर्षं आल्यागेल्याने विचारलं, सेंगा, घर कधी पुरं होणार? पैसे संपले का? तू भाषण देऊन गेलीस, झाडं, धूर, जग. इथे राहिलो आम्ही." नाबुकेराकडे उत्तरं होती, हॉटेलच्या सभागृहात दिली तीच, आणि सगळी खरी होती. ती ओठांपर्यंत आली. तिला दिसलं की आपण पुन्हा ओळंब्याकडे बघत हसणार आहोत. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "सेमांडाकाकांनी मला सांगितलं होतं तुम्ही हे करणार. मी ऐकलं नाही. उघडी भिंत सुंदर दिसते की नाही हे मी माझ्यापुरतं ठरवलं, तुम्हाला विचारलंच नाही. गिलावा चालतो, सेंगा, मातीचा, चुन्याचा, हवा तेवढा नटवता येतो. ते सांगायला हवं होतं मी. नुसतं नको म्हटलं." भांडायची नांतुमेची सगळी तयारी वाया गेली होती आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळेना. शेवटी ती आईवर खेकसली, "तू काय हसतेस?" "मी कुठे हसतेय? पोराकडे बघतेय. कोण कुणाचं ऐकत नाही ते त्याला दाखवतेय."

सेमांडा दुपारी आला. त्याचे केस पार पांढरे झाले होते. त्याने आधी लुतायाला बघितलं. "हा कोण? नवा ठेकेदार? वरचे दात आले नाहीत आणि कामं घ्यायला लागला." मग भिंत बघितली, बोट ओलं करून डागावर लावलं, जिभेला लावून थुंकला. "काका, तुम्ही सांगितलं होतं," नाबुकेरा म्हणाली. ती दिवसभर या वाक्यासाठी तयार होत होती. "मी? मी दिवसाला शंभर गोष्टी सांगतो, इंजिनियरबाई. एखादी लागते. छिन्नी कुठाय?" पहिला तुकडा पडला तो ताटाएवढा होता, मागून काळपट, ओला, त्यामागे विटा दिसल्या. तळाचा थर बोटाने खरवडला की पिठासारखा सुटत होता, पण बोटाच्या पेराएवढाच. आत वीट धरून होती. ती धरून आहे हे बघून नाबुकेराने तळवा तिच्यावर टेकवला. गार, दमट. बाळाच्या कपाळावर हात ठेवतो तसा तिने तो थोडा वेळ तसाच ठेवला, आणि तिला वाटलं, तीन वर्षांत आपण या भिंतीला पहिल्यांदाच हात लावतोय. आधी नुसती मोजली होती.

गुरुवारपर्यंत घराच्या पायाशी गुडघाभर उंचीचा तांबडा पट्टा निघाला होता. शुक्रवारी केळी सोलणाऱ्या त्याच बायकांनी लाल माती, राख आणि चुना कालवून तो पातळ हाताने सारवला, आतली ओल बाहेर पडू शकेल असा, आणि एकीने बोटांनी त्यावर लाटांची नक्षी ओढली. मग दुसरीला राहवलं नाही, तिने तिच्या बाजूला चौकटी काढल्या, आणि कोणाची चांगली यावरून संध्याकाळपर्यंत वाद चालला. आत नालोंगोचा पलंग समोरच्या भिंतीला गेला. त्याच्या जुन्या जागी, ओल्या भिंतीपासून दोन पावलं सोडून, सेमांडाने माडीच्या तुळयांखाली एक आडवी तुळई घातली आणि तिच्याखाली निलगिरीचे तीन टेकू उभे केले, खाली पाचर ठोकून घट्ट. आता माडीचा भार भिंतीवरून उतरून त्या तिघांवर आला होता. खांब मांडववाल्याचेच होते. बाजारातून आणायला वेळ नव्हता. "माझे आहेत ते," मांडववाला म्हणाला. "दोन कोरडे हंगाम," नाबुकेरा त्याला म्हणाली. "भिंत सुकेपर्यंत. मग घेऊन जा." "दोन हंगामांत माझे वीस मांडव होतात, बाई." नांतुमेने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो दुसरे खांब आणायला गेला.

शनिवारी मुलाच्या काकांनी मागणीचं बोलणं मध्येच थांबवून त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "आमच्या आईच्या घराला असा होता," ते म्हणाले. "आता कोणी करत नाही." त्यानंतर संध्याकाळभर नांतुमे तो पट्टा आपलीच कल्पना असल्यासारखी सगळ्यांना दाखवत हिंडली, आणि वाफवलेल्या कच्च्या केळ्यांच्या माटोकेवर शेंगदाण्याचं कालवण वाढून घेताना नाबुकेराने तिला तो बिनदिक्कत देऊन टाकला. तिला काही कमी पडलं नाही. पुढच्या महिन्यात तिने ऑफिसात एक नवा नियम केला: मातीच्या प्रत्येक घराचा हिशेब मांडण्याआधी तिथे राहणाऱ्या बाईला विचारायचं, या घरात लग्न निघालं तर तुम्ही आधी काय कराल? तरुण पोरं हसतात. ती त्यांना हसू देते आणि उत्तर लिहून घेते. सिमेंट अजून पाच टक्केच असतं. फक्त सातव्या पानावरची सूचना आता पानावर नसते. गवंडी आणि घरची बाई दोघांना समोर बसवून ती तोंडी सांगते, आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेते.

या गोष्टीला आता दहा महिने झाले. नाबुकेरा सध्या उत्तरेला, किटगुमजवळ एका शाळेच्या कामावर आहे, सहा वर्ग, सगळे मातीचे. लुताया चालायला लागलाय आणि तिच्या भीतींत आता पायऱ्यांची भर पडलीय. दर मंगळवारी ती नालोंगोला फोन करते, आणि टेकूंचं नाव न घेता त्यांची चौकशी करते, कारण नाव घेतलं की म्हातारी चिडते. त्याची गरजही पडत नसे. पहिल्याला छत्री अडकवलीय, नालोंगो सांगायची. दुसऱ्यावर कपडे वाळत घालते. तिसऱ्याला पाठ टेकून लसूण सोलते, पण मेलं फाटक दिसत नाही इथून, कोण आलं गेलं काही कळत नाही. एक कोरडा हंगाम असा पार पडला. मध्ये पाऊस पडून गेला, आणि दुसरा आत्ता कुठे सुरू होतोय.

आज फोनवर नालोंगो खूश होती. लुतायाच्या दातांची चौकशी केली, आळीत सध्या रोज मांडव उभे राहताहेत, डिसेंबरच तो, असं सांगितलं. मग म्हणाली, "खोली कशी मोकळी मोकळी वाटतेय आता." नाबुकेराने विचारलं, "मोकळी म्हणजे?" "मोकळी म्हणजे मोकळी. उशीवरून फाटक दिसतंय," असं म्हणेपर्यंत फोन तुटला, आणि नंतर लागला नाही. नांतुमे मसाकाला भावाकडे गेलीय. तिला विचारलं तर म्हणाली, "असतील की, कुठे जाणार?" सेमांडाचा फोन बंद आहे. नाबुकेराने हिशेब पुन्हा मांडला, एका कोरड्या हंगामाची सुकलेली भिंत धरून. उत्तर सव्वापटीहून बरं आलं, दुपटीच्या अलीकडे. ती रडलेली नाही. गुरुवारी तिच्या इथे पहिला स्लॅब घालायचाय, शुक्रवारची गाडी ठरलीय, शनिवारी सकाळी ती कासांगाटीत असेल. पण आज मंगळवार आहे.

तुम्ही गायाझाच्या रस्त्याने जाणार असाल तर कासांगाटीला उतरा. पांढरं घर आहे, खाली गुडघाभर तांबडा पट्टा, एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला चौकटी. पाणी मागा, ती आत बोलावते, कोणालाही बोलावते. आत गेल्यावर खांब मोजा. तीन असले आणि पाचर हाताने हलत नसली, तर चहा पिऊन या. दोन असले किंवा एकही नसला, आणि पलंग पुन्हा खिडकीच्या भिंतीला लागलेला असला, तर तिला म्हणा, नाबुकेराने सांगितलंय, शनिवारपर्यंत शेजारच्या घरी झोपा. ती ऐकणार नाही. मग वाद घालू नका. ट्रंकेतून तिचा कर्णा काढायला लावा, भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर धरा, तुम्ही वाजवा, आणि तिला ऐकू द्या.